भूछत्रांची न दिसणारी धूळ आणि पावसाळ्यातला दमा

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत चालतो. या तीन महिन्यांत संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बसणाऱ्या मंडळींमध्ये खोकणारे, शिंकणारे, मधूनच उठून दाराशी जाऊन श्वास घेणारे दोन-चार जण हमखास असतात. त्यातल्या एखाद्या आजीला विचारले तर ती सांगते, "पावसाळा लागला की माझी छाती भरते, विजयादशमी झाली की आपोआप मोकळी होते." घरचे म्हणतात, गारवा बाधतो. कोणी केळीला दोष देते, कोणी माठातल्या पाण्याला.

गारव्याचा आणि सर्दीच्या विषाणूंचा वाटा यात आहेच, तो आम्ही नाकारत नाही. पण ठराविक महिन्यांतच येणारा, पहाटे वाढणारा आणि हवा कोरडी झाली की जाणारा असा जो त्रास आहे, त्यामागे आणखी एक कारण असू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. पावसाळ्यात उगवणारी भूछत्रे, म्हणजेच अळिंबी, कुत्र्याच्या छत्र्या, विदर्भात ज्यांना सात्या म्हणतात त्या, आणि त्यांचे बुरशीच्या कुळातले सगळे भाऊबंद हवेत जी बारीक भुकटी सोडतात, ती आपण श्वासावाटे आत घेतो. या भुकटीच्या एका कणाला बीजाणू म्हणतात. या वेळचा पाठ या बीजाणूंवर आहे.

छत्री हे फळ आहे

भूछत्र म्हणून आपण जे पाहतो ते त्या जिवाचे फक्त फळ असते. त्याचे खरे शरीर म्हणजे पांढऱ्या बारीक तंतूंचे जाळे, आणि ते मातीत, कुजक्या लाकडात, शेणाच्या उकिरड्यात वर्षभर पसरलेले असते. पाऊस पडला, ओल टिकली, की ते जाळे वर फळ काढते. छत्री उलटी करून पाहिली तर खाली पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे दिसतात. त्या पडद्यांवर बीजाणू तयार होतात. झाडाला जसे बी, तसा भूछत्राला बीजाणू. मात्र बी जमिनीत पडते, आणि बीजाणूचा प्रवास हवेतून होतो.

तो हवेत जातो कसा, हे मोठे गमतीचे आहे. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. हा थेंब बीजाणूच्या अंगावरच्या ओलीला भिडला की झटकन तिच्यात मिसळतो, आणि त्या झटक्याने बीजाणू गोफणीतल्या खड्यासारखा उडतो. उडी असते एक मिलिमीटरपेक्षाही कमी, पण पडद्यांच्या फटीत सुटण्यापुरती ती पुरते. तिथून तो खाली घसरतो आणि वाऱ्याच्या हाती लागतो. आर्थर बुलर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने शंभरावर वर्षांपूर्वी कॅनडात बसून या थेंबाचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून त्या थेंबाला आजही बुलरचा थेंब म्हणतात.

थेंब जमायला हवेत दमटपणा लागतो. म्हणून भूछत्रांचे बीजाणू हवेत सर्वांत जास्त असतात ते पाऊस होऊन गेल्यावर, रात्री आणि पहाटे. ज्यांचा त्रास पहाटे तीन-चारला वाढतो त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अर्थात दमा कोणत्याही कारणाने असला तरी रात्री-पहाटे बळावतोच, त्यामुळे एवढ्या एका खुणेवरून निदान होत नाही.

संख्या ऐकून विश्वास बसणार नाही. झाडाच्या बुंध्याला लाकडासारखी टणक, तपकिरी, अर्ध्या ताटलीसारखी वाढ आलेली तुम्ही पाहिली असेल. ही गॅनोडर्मा नावाची बुरशी. तिच्या एका जातीचे एक मोठे फळ दिवसाला सुमारे ३,००० कोटी बीजाणू सोडते, आणि हे काम काही महिने चालू राहते. एवढे सुटतात तरी दिसत नाहीत, कारण आकार फार लहान. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. भूछत्राचा बीजाणू बहुधा ३ ते १२ मायक्रॉनचा. त्यांतले मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, तिथे शिंका आणि खाज होते. लहान असतात ते थेट श्वासनलिकांच्या खालच्या फांद्यांपर्यंत पोहोचतात.

मुलांना हे डोळ्यांनी दाखवायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे. बाजारातून आणलेल्या धिंगरीची पूर्ण उमललेली छत्री देठ कापून, पडदे खाली करून काळ्या कागदावर ठेवा आणि वरून वाटी झाका. सकाळी वाटी आणि छत्री अलगद उचला. कागदावर पडद्यांची पांढरी नक्षी उमटलेली दिसेल. ती नक्षी म्हणजे लाखो बीजाणू. घरात दम्याचा पेशंट असेल तर प्रयोग शाळेत करावा, आणि त्या कागदावर कोणीही फुंकर मारू नये.

शरीर चुकीच्या शत्रूवर धावून जाते

बीजाणू म्हणजे विष नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या पाच जणांपैकी चौघांना काहीच होत नाही आणि पाचव्याला धाप लागते, याचे कारण त्या पाचव्याच्या शरीरात आहे. आपल्या रक्तात संरक्षणाची व्यवस्था असते. काही माणसांत ही व्यवस्था निरुपद्रवी कणालाही शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. यालाच आपण वावडे किंवा ॲलर्जी म्हणतो. पुढच्या वेळी तोच कण आत गेला की नाकाच्या व श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात. अस्तर सुजते, चिकट स्राव वाढतो, नळीभोवतीचे स्नायू आवळतात. नाकात हे घडले तर शिंका, पाण्यासारखी सर्दी, डोळ्यांना खाज. श्वासनलिकेत घडले तर खोकला, छातीत शिट्टी वाजल्यासारखी घरघर, धाप, म्हणजेच दमा. आई-वडिलांपैकी कोणाला वावडे असेल तर मुलात ते येण्याची शक्यता वाढते. बाहेरची बाधा, नजर, मागच्या जन्मीचे काही, यांचा यात काडीचा संबंध नाही, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नकोच. पण गावाकडून आलेले पाहुणे सांगतात म्हणून लिहिले.

एक वेगळा आजारही आहे. एकाच जागी रोज भरपूर बीजाणू श्वासात गेले तर फुफ्फुसाच्या अगदी तळाच्या वायुपिशव्यांना सूज येते. तो दमा नव्हे. त्याची चर्चा धिंगरीच्या भागात करू.

हे कळले कसे

१७२६ साली इंग्लंडमधील डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी दम्यावरील आपल्या पुस्तकात दारूच्या तळघरात गेल्यावर दम्याचा झटका आलेल्या माणसाची नोंद केली. तळघरे दमट आणि बुरशीने भरलेली असत. १८७३ मध्ये चार्ल्स ब्लॅकली यांनी गव्हाच्या ओल्या काडावर वाढलेली बुरशी स्वतः हुंगून पाहिली, आणि त्यांचा घसा बसला, छाती भरली. त्याच वर्षी कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम या डॉक्टरांनी तिथल्या तुरुंगांच्या परिसरातील हवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तीत बुरशीचे बीजाणू आणि परागकण असल्याचे चित्रांसह छापले. आपल्या देशात हवेतील कणांचा अभ्यास तिथून सुरू झाला असे मानतात.

१९२४ मध्ये कॅनडात कॅडहॅम यांनी दाखवले की गव्हावरच्या तांबेऱ्याच्या भुकटीने शेतकऱ्यांना दमा होतो. तांबेरा ही भूछत्रांच्याच मोठ्या गटातली बुरशी. पुढे अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठातील संशोधकांनी निरनिराळ्या भूछत्रांच्या बीजाणूंचे अर्क काढून दम्याच्या रुग्णांच्या त्वचेवर टोचून पाहिले, आणि भूछत्रांचे वावडे ही कल्पना नसून मोजता येणारी गोष्ट आहे हे सिद्ध झाले.

आपल्या महाराष्ट्रातले काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात, म्हणजे १९९४ च्या नामविस्तारापासून आपण ज्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणतो तिथे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. टी. टिळक यांनी हवेतले बीजाणू पकडण्याचे यंत्र तयार केले. हे यंत्र हवा आत ओढते आणि फिरत्या दंडगोलावरच्या चिकट पट्टीवर कण चिकटतात. मग कोणत्या वेळी कोणते बीजाणू किती, हे मोजता येते. ते टिळक एअर सॅम्पलर म्हणून ओळखले जाते. टिळकांनी अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतील हवेतल्या बुरशीचाही अभ्यास केला, कारण भगवंतांची ती चित्रे ज्या ओलीने आणि बुरशीने खराब होतात तिचे बीजाणू हवेतूनच येतात. चित्राच्या रंगावर जे घडते त्याची काळजी घेणारी माणसे होती. आपल्या मोरीच्या भिंतीवर तेच घडते, पण तिकडे कोणी यंत्र घेऊन येत नाही.

वस्तीत ते कुठे असतात

पहिली जागा झाडाचा बुंधा. गुलमोहर, सुबाभूळ, नारळ अशा झाडांच्या बुडाशी गॅनोडर्मा येते. ती तोडून टाकली की बीजाणू काही दिवस कमी होतात, पण झाडाच्या आत तंतू असतातच, ते पुन्हा फळ काढतात. आम्हाला इथे दुसरीच काळजी जास्त वाटते. बुंध्याला गॅनोडर्मा आली याचा अर्थ मूळ कुजायला लागले आहे. असे झाड वादळात घरांवर पडू शकते. विहाराच्या आवारात किंवा गल्लीत असे झाड दिसले तर फोटो काढून महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

दुसरी जागा सरपण. ओल्या ओंडक्यांवर नखाएवढ्या, पांढुरक्या, लोकरीसारख्या पंख्या रांगेने उगवतात. सूक्ष्मदर्शकाशिवायही त्यांचे खालचे पडदे मधोमध चिरलेले दिसतात. या भूछत्राचे नाव स्किझोफायलम. साधेसुधे दिसते, पण क्वचित काही माणसांच्या सायनसमध्ये आणि श्वासनलिकांत ते चक्क वाढलेले सापडले आहे. म्हणून पावसाळ्याचे सरपण झोपण्याच्या खोलीत, पलंगाखाली रचू नये. बाहेर पत्र्याखाली, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवावे.

तिसरी जागा घर स्वतः. कुजलेली लाकडी चौकट, मोरीचे फुगलेले प्लायवूडचे दार, पोटमाळ्यावर गळणारा पत्रा, त्याखाली ठेवलेल्या गोधड्या, गोणपाट, जुनी वर्तमानपत्रे. इथे छत्र्या क्वचित उगवतात, मात्र भिंतीवरची काळी-हिरवी बुरशी भरपूर असते. ती भूछत्र नाही, पण तिचेही बीजाणू असतात आणि त्यांचेही वावडे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. तीत स्पष्ट म्हटले आहे की ओल असलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दमा यांचा धोका जास्त असतो. खरे सांगायचे तर वस्तीतल्या माणसाच्या छातीला बाहेरच्या भूछत्रांपेक्षा घरातली ही ओल अधिक छळते. बाहेरचे बीजाणू वाऱ्यावर पातळ होतात. दहा बाय बाराच्या खोलीतले जातील कुठे?

चौथी जागा कामाची. कचरा वेचणाऱ्या, सुका-ओला कचरा वेगळा करणाऱ्या, कंपोस्ट खताचे ढीग उलटणाऱ्या आपल्या बाया-माणसांच्या तोंडावर रोज बुरशीची भुकटी उडते. गावाकडे ज्वारीवरची काणी आणि गव्हावरचा तांबेरा, दोन्ही भूछत्रांचेच नातेवाईक. मळणीच्या वेळी काणीची काळी पूड उडते आणि मजुराचा घसा धरतो. ती सगळी धूळच आहे असे समजून पदर तोंडाला लावून काम केले जाते. पदर आणि रुमाल मोठी धूळ अडवतात, एवढे बारीक कण अडवत नाहीत. त्यासाठी नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि तो पुरवणे हे ठेकेदाराचे व महापालिकेचे काम आहे. युनियनने ही मागणी लेखी ठेवावी.

धिंगरी पिकवणाऱ्या बचत गटांसाठी

हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो आहोत. अनेक ठिकाणी महिला बचत गट धिंगरी अळिंबी पिकवतात. भांडवल कमी, जागा कमी, गव्हाचे किंवा सोयाबीनचे काड स्वस्त, आणि पीक काही आठवड्यांत हाती येते. धंदा चांगला आहे, तो सोडा असे आमचे म्हणणे नाही. पण प्रशिक्षणात काड कसे भिजवायचे, गरम पाण्यातून कसे काढायचे, पिशवीत थर कसे भरायचे हे सगळे शिकवतात, आणि बीजाणूंबद्दल बहुधा कोणी बोलत नाही.

बाजारातली बटण अळिंबी छत्री उघडण्याआधीच काढतात, त्यामुळे तिचे बीजाणू फारसे बाहेर पडत नाहीत. धिंगरीचे तसे नाही. तिचे पडदे पहिल्यापासून उघडे, आणि ती पांढऱ्या बीजाणूंचा सडा घालते. काढणीला दोन दिवस उशीर झाला तर पिशव्यांवर, कपाटावर, जमिनीवर मैदा सांडल्यासारखा पांढरा थर दिसतो. बंद खोलीत दिव्याच्या झोतात धुरासारखे तरंगताना दिसते. तो धूर नसून बीजाणू असतात.

अशा खोलीत रोज काम करणाऱ्या काही जणींना दोन प्रकारे त्रास होतो. पहिला, खोलीत गेल्या गेल्या शिंका, डोळ्यांना पाणी, घरघर. हे साधे वावडे. दुसरा जास्त फसवा. काम संपवून घरी आल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, जिना चढताना दम. सकाळपर्यंत बरे वाटते. बाई म्हणते, फ्लू झाला असेल. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. गावी चार दिवस गेले की काही नाही, परत आले की पुन्हा सुरू. याला डॉक्टर अळिंबी-कामगाराचे फुफ्फुस म्हणतात. १९५९ मध्ये अमेरिकेत अळिंबीच्या कंपोस्टवर काम करणाऱ्या मजुरांत तो नोंदवला गेला, आणि पुढे धिंगरीच्या बीजाणूंनीही तो होतो हे दिसून आले. वेळीच संपर्क तोडला तर फुफ्फुस सावरते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर आतमध्ये वण पडतात, फुफ्फुस कडक होते, आणि ते पुन्हा पूर्वीसारखे होत नाही.

उपाय धंद्याच्या आतच आहेत. छत्रीची कड खाली वळलेली आहे तोवर काढणी करा. कड सरळ होऊन वर वळायला लागली की ती बीजाणू जोरात सोडते, शिवाय मालही लवकर खराब होतो, म्हणजे लवकर काढण्यात तोटा नाहीच. पिशव्या लटकवायची खोली आणि झोपायची, स्वयंपाकाची खोली एक असू नये. जागा नसेल तर गटाने मिळून एक वेगळी खोली किंवा शेड घ्यावे. आत जाण्याआधी हवा बाहेर फेकणारा पंखा थोडा वेळ चालवा आणि जमिनीवर, हवेत पाण्याचा फवारा मारा, म्हणजे तरंगणारे कण खाली बसतात. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. एन-९५ मास्क लावा. काम झाल्यावर केस बांधलेला कपडा आणि वरचा झगा तिथेच ठेवा, ते घरात मुलांजवळ नेऊ नका. ज्या बाईला आधीच दमा आहे तिला पॅकिंग, विक्री, हिशोब अशी कामे द्या. यात तिचा कमीपणा नाही, आणि वाटा कमी करण्याचे तर कारणच नाही. बीजाणू न सोडणारे धिंगरीचे वाणही तयार झालेले आहेत. बियाणे, म्हणजे स्पॉन, घेताना कृषी विद्यापीठात त्याची चौकशी जरूर करा.

आधी क्षयरोगाची तपासणी

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल तर वावडे, दमा, बीजाणू हे सगळे बाजूला ठेवा आणि प्रथम थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि क्षयरोग निघाला तर औषधही मोफत मिळते. संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, रात्रीचा घाम, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. दमा समजून वर्षभर गोळ्या खाल्ल्या आणि निघाला क्षय, किंवा क्षय समजून घाबरले आणि होता दमा, दोन्ही गोष्टी वस्त्यांमध्ये घडतात.

क्षय नाही हे कळल्यावर एक वही करा. तारीख, पाऊस होता की ऊन, त्रास किती वाजता, त्या दिवशी कुठे होतात, घरात मच्छर अगरबत्ती जाळली का, शेजारी कोणी कचरा पेटवला का. महिन्याभरात चित्र दिसू लागते. फक्त पावसाळ्यात आणि पाऊस पडून गेल्यावर त्रास वाढत असेल तर बीजाणूंचा संशय धरावा. बारा महिने असेल तर झुरळे, अंथरुणातले धूळकिडे, चुलीचा धूर याकडे बघावे. पुष्कळदा एकापेक्षा जास्त कारणे एकत्र असतात. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांचे अर्धे काम होते.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचेवर टोचून वावड्याची चाचणी करता येते. पण तिथल्या संचात साध्या बुरशींचे अर्क असतात, भूछत्रांचे क्वचितच. त्यामुळे चाचणीत काही निघाले नाही म्हणून भूछत्राचे वावडे नाहीच असे ठरत नाही. आणि चाचणीवाचून उपचार अडतही नाहीत. खासगी ठिकाणी शे-दीडशे वस्तूंच्या महागड्या रक्तचाचण्या करून घेण्याची घाई करू नका. तेवढ्या पैशांत पत्रा दुरुस्त होईल.

पंपाची भीती

इन्हेलरला वस्तीत पंप म्हणतात आणि त्याची फार भीती आहे. "एकदा लागला की सुटत नाही." खरे तर सुटत नाही तो दमा. मधुमेहाच्या गोळीला कोणी व्यसन म्हणत नाही. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट श्वासनलिकेत जाते. गोळीतले स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात मोजले जाते आणि सगळ्या शरीरात फिरते. तरी लोक गोळीला साधी समजतात आणि पंपाला भारी. दम्यावर हमखास म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांमध्येही स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. पुडीने दोन दिवसांत आराम पडतो त्याचे रहस्य बहुधा हेच. पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो.

पंप दोन प्रकारचे असतात. एक झटक्यात नळी मोकळी करणारा, त्यातले औषध बहुधा साल्ब्युटामॉल. दुसरा रोज घ्यायचा, आतली सूज कमी ठेवणारा. फक्त पहिल्यावर दिवस काढणे धोक्याचे आहे. २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही तसे न करण्यास सांगितले आहे. ज्यांचा त्रास पावसाळी आहे त्यांनी पाऊस सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून रोजचे औषध सुरू करावे का, हे विचारावे.

पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, हळू श्वास आत घेता घेता दाबा, आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घ्यावी. रोजच्या पंपानंतर खळखळून चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. तीही बुरशीच!

घराचे काय करावे

ओल गेली नाही तर बुरशी पुसून काही उपयोग नाही. गळणारा पत्रा, फुटका नळ, नाल्याचे तुंबणारे पाणी, यांचा बंदोबस्त पहिला. भिजलेली सतरंजी, गादी, कपडे एक-दोन दिवसांत पूर्ण वाळले पाहिजेत. त्यापुढे बुरशी धरतेच. ओले कपडे झोपायच्या खोलीत दोरीवर वाळत घालू नका. भिंतीवरची बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या ब्रशने खरवडू नका, आणि हे काम दम्याच्या माणसाला देऊ नका. ब्लीचिंगचे पाणी वापरलेत तर त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचे औषध कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. खिडकी उघडायची ती पहाटे नव्हे, ऊन वर आल्यावर. मात्र चूल किंवा स्टोव्ह पेटला असेल तर वेळ न बघता उघडा. विहाराच्या सतरंज्या वर्षावासात आठवड्यातून एकदा उन्हात टाका, आणि वाचनाआधी तासभर दारे-खिडक्या उघडी ठेवा.

नाला आणि सार्वजनिक भिंतीची ओल एका घराने सुटत नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या, आणि त्यात आजारी माणसांची संख्या व डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती जोडा. नुसत्या 'पाणी तुंबते' या तक्रारीपेक्षा त्याला वजन येते.

खाण्याबद्दल विचारतात म्हणून

बीजाणू श्वासात जाण्याचे वावडे वेगळे आणि खाण्याचे वेगळे. ज्याला खाऊन त्रास होत नाही त्याने शिजवलेली धिंगरी खुशाल खावी. चुंदाने भगवंतांना वाढलेले सूकरमद्दव म्हणजे एक प्रकारची अळिंबी होती, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो वाद पालीच्या जाणकारांचा, आम्ही त्यात पडत नाही. रानातून आणलेली अनोळखी छत्री मात्र खाऊ नये. चांदीचे नाणे काळे पडते का, किडा लागला आहे का, या परीक्षा खोट्या आहेत, आणि विषारी छत्री शिजवल्यानेही निर्विष होत नाही.

शेवटी तातडीची लक्षणे. माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नाही, श्वास घेताना गळ्याची खळी किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ-नखे निळी पडतात, मूल दूध प्यायला तयार नाही, किंवा पंप घेऊनही काही मिनिटांत आराम नाही, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत माणसाला आडवे झोपवू नका. थोडे पुढे झुकवून बसवा, भोवतालची गर्दी हटवा, आणि स्पेसरने साल्ब्युटामॉलचा एकेक दाब थोड्या थोड्या अंतराने देत राहा. गल्ली अरुंद असेल तर एकाने मुख्य रस्त्यावर जाऊन उभे राहावे, म्हणजे गाडीला वस्ती शोधत फिरावे लागणार नाही.